हौशी इलेक्ट्रॉनिक्स : छंद, कायदा आणि धोरण

घरच्या घरी रेडिओ, ध्वनिवर्धक किंवा गजराचे मंडल जोडणे हा वरकरणी एक साधा छंद आहे. तथापि, भारतातील या छंदाचा इतिहास स्वातंत्र्यलढा, परवाना पद्धती, आयात धोरण आणि शालेय शिक्षण या चारही विषयांना स्पर्श करतो. विज्ञान-तंत्रज्ञान व अर्थव्यवस्था या दोन्ही घटकांच्या अभ्यासकांनी म्हणूनच त्याची ओळख करून घेणे उपयुक्त ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम, १९३३ नुसार परवान्याशिवाय बिनतारी उपकरण बाळगणे हा गुन्हा ठरला. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच हौशी रेडिओचालकांचे परवाने रद्द झाले आणि त्यांना उपकरणे जमा करण्याचे आदेश देण्यात आले. मुंबईचे नरिमन प्रिंटर यांनी मात्र प्रक्षेपकाचे काही सुटे भाग स्वतःजवळ राखले आणि १९४० मध्ये 'आझाद हिंद रेडिओ' चालवण्याचा प्रयत्न केला. त्याबद्दल त्यांना अटक झाली.

'छोडो भारत' आंदोलनात वृत्तपत्रांवर निर्बंध आले, तेव्हा उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कौशल्याची मदत घेतली. २७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईतून गुप्त 'काँग्रेस रेडिओ'चे प्रसारण सुरू झाले. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून केंद्राची जागा वारंवार बदलावी लागे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी छापा पडून केंद्र बंद झाले. उषा मेहता यांना चार वर्षांची शिक्षा होऊन येरवड्याच्या तुरुंगात राहावे लागले. हौसेने आत्मसात केलेली विद्या राष्ट्रकार्यास कशी उपयोगी पडते, याचे हे ठळक उदाहरण होय.

स्वातंत्र्यानंतरही घरगुती रेडिओसाठी परवाना शुल्क भरावे लागे. ही पद्धत १९८० च्या दशकात संपुष्टात आली. रेडिओ लहरींचे प्रक्षेपण करण्यासाठी मात्र आजही परवानगी लागते. हौशी रेडिओचालकास त्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी दिल्लीच्या भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हौशी चमू योगायोगाने पोर्ट ब्लेअर येथे होता. इतर दळणवळण कोलमडले असताना या चमूने संदेशवहनाचे मोलाचे कार्य केले.

एका मंडलातून मिळणारे शिक्षण

ध्वनिवर्धक हा या छंदातील बहुतेकांचा आरंभबिंदू असतो. एलएम ३८६ ही आठ पायांची एकात्मिक चिप त्यासाठी जगभर वापरली जाते. ९ व्होल्टच्या बॅटरीवर ती लहान स्पीकर वाजवू शकते. मूळ जोडणीत ती विद्युतदाब २० पटींनी वाढवते. पाय क्रमांक १ व ८ यांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडल्यास हीच वाढ २०० पट होते.

चिप व स्पीकर यांच्यामध्ये आणखी एक कपॅसिटर असतो. तो दिष्ट धारा अडवतो आणि ध्वनीचा प्रत्यावर्ती संकेत पुढे जाऊ देतो. परंतु कंप्रता जितकी कमी, तितका त्याचा अडथळा अधिक. ८ ओहमच्या स्पीकरसाठी २५० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतल्यास सुमारे ८० हर्ट्झखालील ध्वनी क्षीण होऊ लागतात. त्याऐवजी १००० मायक्रोफॅरडचा घेतल्यास ही मर्यादा सुमारे २० हर्ट्झपर्यंत खाली येते आणि मंडल खर्जातील संकेतही स्पीकरपर्यंत पोचवते. पाठ्यपुस्तकातील सूत्राचा अर्थ येथे कानांना कळतो.

दोषाचा शोध घेणे हे तर स्वतंत्र प्रशिक्षणच आहे. घरगुती विजेवर चालणाऱ्या ध्वनिवर्धकातून गुणगुण ऐकू येत असल्यास तिची कंप्रता पाहावी. भारतात विजेची कंप्रता ५० हर्ट्झ आहे. पूर्णतरंगी दिष्टकारी मंडलातून बाहेर पडणारी तरंगिका १०० हर्ट्झची असते. म्हणजेच गुणगुण १०० हर्ट्झची असेल तर दोष बहुधा वीजपुरवठ्याच्या कपॅसिटरमध्ये असतो. ५० हर्ट्झची असेल तर तारांची मांडणी किंवा भूसंपर्क तपासावा लागतो. मंडल १ अँपिअर धारा घेत असताना ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर वापरल्यास तरंगिका सुमारे २ व्होल्ट राहते. १००० मायक्रोफॅरड वापरल्यास ती सुमारे १० व्होल्टपर्यंत जाऊ शकते. निरीक्षण, अनुमान आणि पडताळणी ही वैज्ञानिक पद्धत विद्यार्थी अशा प्रकारे प्रत्यक्ष अनुभवतो.

बाजारपेठ आणि आयात धोरण

हा छंद सुट्या भागांच्या बाजारावर जगतो. दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर या सरकारी कर्मचाऱ्यांच्या वसाहतीजवळील आयएनए मेट्रो स्थानकातून चांदनी चौकास थेट गाडी जाते. तेथून पुढे लाल किल्ल्यासमोर लजपतराय मार्केट आहे. मुंबईत हेच स्थान लॅमिंग्टन रोडचे आहे.

सुटे भाग स्वस्त होण्यामागे आंतरराष्ट्रीय कराराचा वाटा आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात भारत १९९७ मध्ये सहभागी झाला आणि करारातील वस्तूंवरील सीमाशुल्क २००५ पर्यंत शून्यावर आणले गेले. या निर्णयाला दोन बाजू आहेत. ग्राहक आणि हौशी विद्यार्थी यांना चिप अल्प किमतीत मिळू लागली. त्याच वेळी देशी उत्पादकांना आयातीशी थेट स्पर्धा करावी लागली. डिसेंबर २०२१ मध्ये ७६ हजार कोटी रुपयांचा सेमीकंडक्टर कार्यक्रम मंजूर झाला, तो ही उणीव भरून काढण्यासाठीच. मात्र कारखान्यांना कुशल हात लागतात आणि ते घडण्याची प्रक्रिया शालेय वयातच सुरू व्हावी लागते.

शालेय प्रयोगशाळा

या दृष्टीने नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष अभियानांतर्गत २०१६ पासून 'अटल टिंकरिंग लॅब' उभारण्यात येत आहेत. इयत्ता सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या योजनेत शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. अशा १० हजार प्रयोगशाळा स्थापन झाल्या असून पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी ५० हजार उभारण्याची घोषणा २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात करण्यात आली. साहित्य खरेदी हा यातील सोपा भाग होय. विद्यार्थ्याला चुकण्याची मुभा आणि चूक शोधण्यास वेळ देणारा शिक्षक ही खरी गरज आहे.

सुरक्षितता आणि पर्यावरण

नवशिक्याने बॅटरीवरील मंडलांपासूनच सुरुवात करावी. २३० व्होल्टचा पुरवठा प्राणघातक ठरू शकतो आणि पुरवठा बंद केल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहतो. डाख देण्याच्या प्रचलित मिश्रधातूत शिसे असते. म्हणून खोलीत हवा खेळती ठेवावी व काम संपताच हात धुवावेत. निकामी भाग घरच्या कचऱ्यात टाकू नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण यंत्रणेमार्फतच अशा कचऱ्याची विल्हेवाट अपेक्षित आहे.

समारोप

तयार उपकरणे आज सहज मिळतात. स्वतः जोडलेला ध्वनिवर्धक बहुधा त्यांच्याहून स्वस्त पडत नाही आणि दिसायलाही सुबक नसतो. परंतु तो बिघडल्यास दुरुस्त कसा करावा, हे तो जोडणाऱ्यास ठाऊक असते. १९४२ च्या मुंबईत असे जाणकार मोजकेच होते, तरीही त्यांचा उपयोग झाला. वापरणाऱ्यांच्या देशाला घडवणाऱ्यांचा देश व्हायचे असेल, तर अशा जाणकारांची संख्या वाढवणे अगत्याचे आहे.