भित्तिचित्र आणि महाविद्यालयाचे नाट्यगृह

कम्युनिटी कॉलेजातील कलाकार्यक्रमांचा आढावा घेताना नाटके, संगीतसभा व प्रदर्शने यांची गणना होते. ज्या वास्तूत ती घडतात तिचा विचार मात्र क्वचितच केला जातो. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी १९४० साली तेथील ट्रेझर आयलंडवरील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, ‘पॅन अमेरिकन युनिटी’ हे भित्तिचित्र रंगविले. ते २२ फूट उंच व ७४ फूट रुंद असून ओल्या गिलाव्यावर, परंतु हलविता येण्याजोग्या १० फलकांवर काढलेले आहे. या महाविद्यालयाच्या नियोजित ग्रंथालयात ते बसवावे, अशी वास्तुविशारद टिमथी फ्लूगर यांची योजना होती. महायुद्धामुळे ग्रंथालय उभे राहिले नाही. १९४६ मध्ये फ्लूगर निवर्तले, आणि चित्र सुमारे २० वर्षे पेट्यांत बंद राहिले. अखेर १९६१ मध्ये त्याला महाविद्यालयाच्या नाट्यगृहाच्या प्रवेशदालनात जागा मिळाली.

दालन अरुंद असल्याने संपूर्ण चित्र एका दृष्टिक्षेपात मावत नसे. तथापि नाटकास आलेल्या विद्यार्थ्याला ते अनायासे भेटे. २०२१ मध्ये ते शहरातील आधुनिक कला संग्रहालयात प्रदर्शनार्थ उसने नेण्यात आले. तेथे ते दुरून पाहता आले, पण रंगभूमीचा शेजार सुटला.

तात्पर्य, कलाकृती मिळविल्याने कलाकार्यक्रम पूर्ण होत नाही. विद्यार्थ्यांच्या नित्याच्या वाटेवर तिला स्थान देणे, हाही त्याचाच भाग होय.