बनावट पृष्ठांकन आणि बँकेची जबाबदारी

सरकारने एखाद्याच्या नावे पाठविलेला धनादेश वाटेत भलत्याच माणसाच्या हाती पडला आणि त्याने मूळ धन्याच्या नावाची खोटी सही करून पैसे उचलले, तर ते नुकसान अखेरीस कोणी सोसावयाचे? ज्याचे पैसे होते त्याने, धनादेश काढणाऱ्या सरकारने, की तो वटविणाऱ्या बँकेने? वरवर पाहता साध्या वाटणाऱ्या या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ साली एका अगदी लहान रकमेच्या खटल्यात दिले. ती रक्कम होती २४ डॉलर २० सेंट.

त्या काळी महामंदीने बेकार झालेल्या लोकांना काम मिळावे म्हणून अमेरिकन सरकारने वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन ही संस्था चालविली होती. पेन्सिल्व्हेनिया राज्यात या संस्थेच्या कामावर असलेल्या एका माणसाच्या मजुरीचा धनादेश २८ एप्रिल १९३६ रोजी काढण्यात आला आणि टपालाने त्याच्या गावी पाठविण्यात आला. तो त्याला मिळालाच नाही. कोणा अज्ञात इसमाने तो क्लिअरफील्ड गावातील जे. सी. पेनी कंपनीच्या दुकानात नेला, तो मजूर आपणच असल्याची तेथील नोकरांची खात्री पटविली, धनादेशाच्या पाठीवर त्याच्या नावाची सही केली आणि रोख पैसे व माल घेऊन तो निघून गेला. दुकानाने धनादेश क्लिअरफील्ड ट्रस्ट कंपनी या बँकेकडे दिला. बँकेने ‘पूर्वीच्या सर्व पृष्ठांकनांची हमी’ असा शिक्का मारून तो फिलाडेल्फियाच्या फेडरल रिझर्व्ह बँकेमार्फत सरकारकडून वसूल केला.

मजुराने १० मे १९३६ च्या सुमारासच आपल्या मुकादमाकडे तक्रार केली होती. ती कचेऱ्या-कचेऱ्यांतून फिरत राहिली. सही आपली नव्हे, असे त्याचे प्रतिज्ञापत्र नोव्हेंबरअखेर झाले, आणि बँकेला पहिली सूचना मिळाली ती जानेवारी १९३७ मध्ये. तोपर्यंत आठ महिने उलटले होते. दुकानातील एकाही नोकराला तो व्यवहार आठवेना.

येथे दोन सह्यांमधील भेद लक्षात घेतला पाहिजे. धनादेशाच्या दर्शनी बाजूस तो काढणाऱ्याची सही असते. ती ओळखण्याची साधने पैसे देणाऱ्यापाशी असतात. म्हणून काढणाऱ्याचीच सही बनावट असूनही देणाऱ्याने पैसे दिले, तर निष्पाप धारकाकडून ते परत मागता येत नाहीत, असा दंडक इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी १७६२ साली ‘प्राइस विरुद्ध नील’ या खटल्यात घालून दिला. धनादेशाच्या पाठीवरील सही मात्र आदात्याची, म्हणजे ज्याच्या नावे तो काढला त्याची असते. ती पैसे देणाऱ्याच्या ओळखीची असेलच असे नाही. पेन्शनच्या धनादेशांवरील बनावट पृष्ठांकनांबाबत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०९ साली हेच तत्त्व सरकारला लागू केले. असंख्य लोकांना धनादेश पाठविणाऱ्या सरकारने प्रत्येकाची सही ओळखावी, ही अपेक्षा अव्यवहार्य होय.

मग ती सही कोणी पारखावयाची? ज्याच्यासमोर ती झाली त्याने. समोर उभा असलेला माणूस कोण आहे, हे विचारण्याची संधी फक्त धनादेश प्रथम स्वीकारणाऱ्यालाच असते. पुढच्या बँका केवळ मागच्याच्या शब्दावर विश्वास ठेवतात; हमीचा शिक्का हाच तो शब्द. सही खोटी ठरली की सरकार बँकेकडून पैसे मागते, बँक दुकानाकडून मागते आणि दुकानाने त्या भामट्याला गाठावयाचे असते. तो न सापडल्यास नुकसान दुकानाच्या माथी राहते.

सरकारने १९३९ मध्ये दावा लावला तेव्हा बँकेच्या बाजूने एकच मुद्दा होता, पण तो वजनदार होता: सूचना उशिरा मिळाली. पेन्सिल्व्हेनियाच्या कायद्यानुसार अवाजवी विलंब झाला की नुकसान झालेच असे गृहीत धरले जाई. जिल्हा न्यायालयाने त्या आधारे दावा फेटाळला. अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला. १ मार्च १९४३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती डग्लस यांच्या निकालपत्राद्वारे, सरकारचा दावा मान्य केला. संघराज्याचे सरकार आपले देणे फेडते ते संविधानाने दिलेल्या अधिकारात. त्याचे धनादेश सर्व राज्यांत फिरतात. प्रत्येक राज्यात नियम निराळा असला तर एकसारख्या व्यवहारांचे निकाल भिन्न लागतील. म्हणून अशा धनादेशांना देशभर एकच नियम हवा, असे न्यायालयाने म्हटले.

विलंबाची सबब न्यायालयाने सर्वस्वी झिडकारली नाही. सरकार झाले तरी त्याने वेळेवर सूचना दिली पाहिजे, आणि विलंबामुळे प्रत्यक्ष नुकसान झाल्याचे सिद्ध केल्यास बँक जबाबदारीतून सुटेल. परंतु ते नुकसान दाखवावे लागेल. अंदाजावर भागणार नाही. लवकर कळले असते तर कदाचित भामटा सापडला असता, एवढे म्हणणे पुरेसे नाही.

आपल्याकडील व्यवस्था याहून वेगळी आहे. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवजांच्या कायद्यातील कलम ८५ प्रमाणे, आदात्याने पृष्ठांकन केल्याचे दिसणाऱ्या धनादेशाचे पैसे बँकेने रीतसर, सद्‌भावाने व निष्काळजीपणा न करता दिले, तर सही मागाहून खोटी ठरली तरी ती बँक मोकळी होते. रेखांकित धनादेशाची ग्राहकासाठी वसुली करणाऱ्या बँकेला कलम १३१ असेच संरक्षण देते. म्हणजे अमेरिकेत भर हमीवर आहे, तर भारतात बँकेच्या सावधगिरीवर.

या सर्व वादात मजुराचे स्थान कोणते? खोट्या सहीने त्याचे येणे फिटत नाही. सरकार त्याचे देणेकरी राहतेच. परंतु बँकेकडून वसुली होईपर्यंत त्याने थांबावे हे अन्यायाचे होते. म्हणून अमेरिकन काँग्रेसने १९४१ मध्ये एक स्वतंत्र निधी स्थापन केला. वसुली लांबली तरी त्यातून निर्दोष आदात्याला पैसे देण्याची सोय झाली. पुढे १९८७ च्या कायद्याने सरकारलाही मुदत घातली: पैसे दिल्यापासून सामान्यतः एका वर्षाच्या आत बँकेकडे मागणी केली पाहिजे. क्लिअरफील्डच्या बँकेची तक्रार अशा रीतीने, उशिरा का होईना, विचारात घेतली गेली.

३० सप्टेंबर २०२५ पासून, काही अपवाद सोडून, कागदी धनादेश काढणे थांबवावे, असा आदेश अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी मार्च २०२५ मध्ये दिला. कागद गेला तरी प्रश्न उरतोच. पैसे घेण्यास आलेला माणूस खरोखर तोच आहे काय, याची खात्री कोणीतरी करून घ्यावी लागते. ती करून घेण्याची संधी ज्याला होती, चुकीचा भारही प्रथम त्यानेच उचलावा, आणि निर्दोष माणसाला आपल्या कष्टाच्या पैशासाठी ताटकळावे लागू नये, एवढाच या नियमांचा हेतू आहे.