कॉर्नियाचा थर वेगळा कसा होतो?

डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्यास पारपटल अथवा कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी सुमारे 540 मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक असते. लेसिक शस्त्रक्रियेत त्याचा वरचा पातळ थर उचलून आतील भागास एक्सायमर लेसरने आकार दिला जातो.

हा थर दोन प्रकारे वेगळा करतात. मायक्रोकेराटोम या उपकरणाचे मूळ कोलंबियातील डॉ. होसे इग्नासियो बाराकेर यांच्या संशोधनात आहे. त्यातील कडे हवेच्या ओढीने डोळा घट्ट धरते, पाते सुताराच्या रंध्याप्रमाणे थर कापते आणि एका बाजूस बिजागरी राखते. फेम्टोसेकंद लेसर मात्र ठरावीक खोलीवर असंख्य सूक्ष्म बुडबुडे निर्माण करतो. त्यांच्यामध्ये उरलेले तंतू डॉक्टर बोथट, चपट्या सळईने हळुवार सोडवतात.

थराच्या जाडीस महत्त्व आहे. समजा, कॉर्निया 480 मायक्रॉनचा असून उणे 5 नंबरासाठी सुमारे 70 मायक्रॉन ऊती काढायची आहे. थर 160 मायक्रॉनचा घेतल्यास खाली 250 उरतात. 110 चा घेतल्यास 300. साधारणतः 250 ही किमान मर्यादा मानली जाते. त्याहून कमी उरल्यास कॉर्निया पुढे फुगून दृष्टी बिघडण्याचा धोका वाढतो.

म्हणून नोकरभरतीसाठी चष्मा घालवू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना शिक्षकांनी प्रथम कॉर्नियाची जाडी व वक्रता तपासून घेण्यास सांगावे. उचललेला थर पुन्हा जागेवर बसवता येतो, परंतु लेसरने काढलेली ऊती परत येत नाही.