रात्रीची अर्धी गोळी

बारा किलो वजनाच्या मुलाला रोज 33 मिलिग्रॅम औषध द्यायचं आहे आणि गोळी आहे 50 मिलिग्रॅमची. आठवड्याचे होतात 231 मिलिग्रॅम. मग पाच दिवस अर्धी गोळी, दोन दिवस पूर्ण, म्हणजे 225. सहा मिलिग्रॅमचा फरक चालतो. डॉक्टर केसपेपरवर वार लिहून देतात, घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मंगळवार-शनिवारभोवती गोल पडतात आणि रात्री जेवणं आटोपली की कुणीतरी दिव्याखाली बसून गोळीचे दोन तुकडे करतं. ते कधी सारखे होतात, कधी नाही.

गोळीचं नाव मर्कॅप्टोप्युरिन. वॉर्डात तिला सगळे ‘सिक्स एमपी’ म्हणतात. लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. त्याच्या उपचाराचे पहिले काही महिने सलाइन, कंबरेतली इंजेक्शनं, गळणारे केस यांत जातात. मग ‘मेंटेनन्स’ सुरू होतं. केस परत येतात, मूल शाळेत जाऊ लागतं आणि साधारण दोन वर्षं ही गोळी घरी घ्यायची असते. आधीचा सगळा उपचार नर्सच्या नजरेखाली होतो. हा स्वयंपाकघरात होतो. माझ्या मते सगळ्यात नाजूक टप्पा हाच. तो सोपा दिसतो ही पंचाईत.

ही गोळी घडवणाऱ्या गर्ट्रूड एलियन यांनी काही काळ एका खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळेत लोणच्याचा आंबटपणा तपासण्याचं काम केलं होतं. बाईमाणसाला रसायनशास्त्रज्ञाची नोकरी द्यायला तेव्हा अमेरिकेत कुणी धजत नव्हतं. महायुद्धाने प्रयोगशाळांतले पुरुष ओढून नेले तेव्हा दारं किलकिली झाली आणि 1944 मध्ये त्या जॉर्ज हिचिंग्ज यांच्याकडे बरोज वेलकम कंपनीत रुजू झाल्या. पेशी दुभंगायची तर तिला नवा डीएनए बांधावा लागतो आणि त्यासाठी प्युरिन नावाच्या विटा लागतात. मग वीट दिसायला तशीच, पण कच्ची दिली तर? एलियन यांनी एका प्युरिनच्या सहाव्या जागेवरचा ऑक्सिजन काढून तिथे गंधक बसवलं. साल 1951. दोन वर्षांत अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली. ते एकट्याने आजार काही महिनेच दाबून धरी. मुलं बरी होऊ लागली ती पुढे अनेक औषधं एकत्र वापरल्यावर. एलियन यांना 1988 चं नोबेल मिळालं, पीएचडी नसताना.

या गोळीचा स्वभाव जरा विचित्र आहे. पोटात जाते तेव्हा ती विष नसते. पेशी स्वतःच तिच्यापासून कच्ची वीट तयार करतात आणि डीएनएच्या भिंतीत बसवतात. दुसरीकडे शरीर तिची विल्हेवाटही लावत असतं. टीपीएमटी नावाचं विकर तिला एका वाटेने निकामी करतं, झँथीन ऑक्सिडेज दुसऱ्या वाटेने. ही दुसरी वाट अडवली तर औषध जास्त वेळ टिकेल, या विचाराने एलियन-हिचिंग्ज यांच्याच प्रयोगशाळेने ॲलोप्युरिनॉल पुढे आणलं. झालं असं की औषधाचा गुण वाढला तसा त्रासही वाढला आणि ॲलोप्युरिनॉल शेवटी युरिक ॲसिडच्या दुखण्यावरचं औषध म्हणून घरोघरी पोचलं. आजही ही दोन औषधं एकत्र आली तर सिक्स एमपीचा डोस तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर आणावा लागतो. म्हणून मुलाला घरात कुणी कसलीही गोळी देण्याआधी विचारायचं.

पण कुठलंही दुसरं औषध न घेता काही मुलांच्या रक्तपेशींचे काउंट नेहमीच्या डोसवर धाडकन कोसळायचे. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे 300 पैकी एकात टीपीएमटी जवळपास नसतंच, त्यामुळे त्यांचं कोडं उलगडलं. आशियातल्या मुलांचं उलगडेना. 2014 मध्ये कोरियात, तेही कर्करोगाच्या नव्हे तर आतड्याच्या क्रोन्स आजाराच्या रुग्णांत, त्याचं उत्तर एनयूडीटी-15 या जनुकातल्या बदलात सापडलं. पुढच्याच वर्षी ल्युकेमियाच्या मुलांच्या अभ्यासात दिसलं की या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील, तर ठरलेल्या डोसच्या जेमतेम आठ टक्केच मुलाला सोसतात. इतरांची आठवड्याभराची मात्रा अशा मुलाला जवळपास तीन महिने पुरते! हा बदल पूर्व आशियात बराच आढळतो, आणि भारतातही टीपीएमटीच्या दोषापेक्षा जास्त. पाश्चात्त्य पुस्तकातला डोस आपल्याकडे कधी कधी का अंगावर यायचा, त्याचं एक उत्तर इथे आहे. या जनुकांची तपासणी रक्ताच्या नमुन्यावर, आयुष्यात एकदाच करावी लागते.

तपासणी झाली तरी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, सुटत नाही. बऱ्याच ठिकाणी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी 500 ते 1500 च्या दरम्यान राहाव्यात असा डोस ठेवतात. त्याखाली गेल्या तर साधा जंतूही जिवावर बेततो. अशा मुलाला 100.4 फॅरनहाइट ताप आला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नसते, त्याच रात्री रुग्णालय गाठायचं असतं. हे बहुतेक पालकांना पक्कं ठाऊक असतं. काउंट सतत 3000-4000 असणं ही आनंदाची बातमी नाही, हे मात्र पटवणं अवघड. ‘रिपोर्ट छान आला’ म्हणून घरात पेढे येतात आणि डॉक्टर विचारतात, गोळी रोज जाते ना?

हा प्रश्न खवचट नाही. डॉ. स्मिता भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत बाटलीच्या झाकणात इलेक्ट्रॉनिक चिप बसवून ते कधी उघडलं याची नोंद ठेवली. ठरलेल्या गोळ्यांपैकी 95 टक्क्यांहून कमी घेणाऱ्या मुलांत आजार उलटण्याचा धोका सुमारे अडीचपट निघाला. 95 टक्के म्हणजे महिन्यातून फार तर एक-दीड दिवसाची चूक माफ. त्याच गटाने एक जुना नियमही तपासला. गोळी उपाशीपोटी घ्या, दुधासोबत नको, असं कित्येक वर्षं सांगितलं जाई, कारण दुधात झँथीन ऑक्सिडेज असतं. पण दुधासोबत किंवा जेवणासोबत घेतल्याने आजार उलटण्याचा धोका वाढल्याचं दिसलं नाही. पेंगुळलेल्या पोराला जेवणानंतर दोन तास जागं ठेवणाऱ्या आयांना हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

सिक्स एमपी रोजची. तिच्या जोडीची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. तीच चुकून रोज दिली गेली तर तोंड सोलून निघतं, काउंट संपतात, जीवही जातो. म्हणून कागदावर ‘आठवड्यातून एकदा’ एवढंच न लिहिता ‘फक्त गुरुवारी’ असं वाराचं नाव अक्षरात हवं आणि तिचा डबा निराळा हवा. शेजारीण मायेने आणून देते त्या रक्तवाढीच्या टॉनिकात फॉलिक ॲसिड असतं, आणि मेथोट्रेक्सेटचं काम तर फॉलिक ॲसिडची वाट अडवण्याचं. टॉनिक विचारल्याशिवाय नाहीच.

पुन्हा त्या अर्ध्या गोळीकडे येऊ. तुकडे करायला भाजीची सुरी वापरायची नाही, हातमोजे घालायचे, भुकटी उडू द्यायची नाही, आणि गरोदर बाईने या कामाला हातच लावायचा नाही. दादरच्या धर्मशाळेत किंवा एका खोलीच्या बिऱ्हाडात हे सांगणं सोपं, करणं कठीण. 2025 मध्ये परळच्या टाटा मेमोरियल सेंटरने, खारघरच्या ॲक्ट्रेक या संशोधन केंद्राने आणि बेंगळुरूच्या आयडीआरएस लॅब्जने मिळून याच औषधाचं पातळ रूप भारतात आणलं. एका मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम, सोबत मापाची सिरिंज. 33 मिलिग्रॅम म्हणजे 3.3 मिलिलिटर, तुकडे नकोत. एक मेख मात्र आहे. युरोप-अमेरिकेत मिळणारं पातळ औषध एका मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमचं असतं. परदेशातून कुणी बाटली आणली आणि सिरिंज नेहमीच्याच रेघेपर्यंत भरली, तर डोस दुप्पट. रेघ बघण्याआधी लेबल वाचायचं.

आणि मूल वाढत असतं. दोन वर्षांत बारा किलोचं सोळा किलोचं होतं, चपला लहान होतात, गणवेश आखूड होतो. डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरतो, ते उंची-वजनावरून काढतात. त्यामुळे 33 चे 40 होतात, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोनऐवजी चार वारांभोवती गोल पडतात.