मत्स्यपेटीतील माशांना खाद्य किती वेळा द्यावे?

शाळा, वाचनालये, दवाखाने आणि कार्यालयांच्या दर्शनी दालनांत मत्स्यपेटी आता नवलाची राहिलेली नाही. मुंबईत १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने अनेकांच्या मनात ही हौस रुजविली. तथापि, मोठ्या उत्साहाने आणलेले मासे महिना-दोन महिन्यांतच एकामागून एक दगावतात, असा अनुभव पुष्कळ ठिकाणी येतो. पाणी मानवले नाही किंवा मासेच रोगट निघाले, असा निष्कर्ष मग काढला जातो. प्रत्यक्षात मत्स्यपेटीतील मासे उपासमारीने क्वचितच मरतात. अतिखाद्याने मात्र वारंवार मरतात.

माशाची गरज थोडी

सस्तन प्राण्यांच्या अन्नातील बराच भाग शरीर उबदार राखण्यात खर्ची पडतो. माशाच्या शरीराचे तापमान मात्र पाण्याबरोबर कमी-अधिक होते. हा खर्च वाचत असल्यामुळे त्याला थोडके अन्न पुरते. वाढत्या पिलांना दिवसातून तीन-चार वेळा खाद्य द्यावे लागते. पूर्ण वाढ झालेल्या माशांना दिवसातून एकदा, फार तर दोनदा दिलेले खाद्य पुरेसे होते. मासे काचेजवळ येऊन तोंड हलवू लागले म्हणजे ते भुकेलेच आहेत, असे समजू नये. मिळेल तेव्हा खाऊन घेणे हा त्यांचा स्वभाव आहे आणि माणूस दिसला की खाद्य मिळते, हे ते लवकर शिकतात.

उरलेले खाद्य घातक

न खाल्लेले खाद्य तळाशी कुजते आणि त्यातून अमोनिया तयार होतो. माशांच्या कल्ल्यांवाटेही अमोनिया बाहेर पडत असतोच. पेटीतील उपयुक्त जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. परंतु त्यांच्या कार्यशक्तीला मर्यादा आहे. ती ओलांडली की माशांचे कल्ले निकामी होऊ लागतात. शिवाय कुजण्याच्या क्रियेत पाण्यातील प्राणवायू खर्च होतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना सुमारे साडेसात. म्हणूनच उन्हाळ्यात अतिखाद्याचा धोका अधिक असतो. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले, तर खाद्य तत्काळ थांबवावे आणि काही पाणी बदलावे.

मात्रा आणि वेळ

दोन-तीन मिनिटांत मासे संपवतील एवढेच खाद्य एका वेळी द्यावे. उरलेले काढून टाकावे. गोल्डफिश या नावाने परिचित असलेल्या माशाला जठर नसते, त्यामुळे तेवढेच खाद्य दोन वेळांत विभागून देणे हितावह ठरते. थंडीत पाणी गार झाले की त्याचे पचन मंदावते. तेव्हा मात्रा कमी करावी. तळाशी वावरणाऱ्या, मिशा असलेल्या अनेक जाती रात्री चरतात; त्यांचे खाद्य दिवे मालवताना टाकावे. निरोगी प्रौढ माशांना आठवड्यातून एक दिवस उपास घडला तरी अपाय होत नाही.

शाळांसाठी व्यवस्था

शाळेत प्रत्येक मुलाला खाद्य टाकण्याची इच्छा होते आणि चिमूट-चिमूट करता दिवसाकाठी मूठभर खाद्य पाण्यात जाते. यासाठी आठवड्याला एकाच विद्यार्थ्याकडे हे काम सोपवावे आणि पेटीजवळ तक्ता लावून दिलेल्या खाद्याची नोंद ठेवावी. शनिवार-रविवारच्या सुट्टीत प्रौढ मासे खाद्यावाचून सहज राहतात. सुट्टीपूर्वी ‘शिधा’ म्हणून जादा खाद्य टाकून जाणे मात्र सर्वथा अयोग्य होय. दिवाळीच्या दीर्घ सुट्टीत रोजच्या मात्रेच्या कागदी पुड्या बांधून त्या शाळेच्या शिपायाकडे द्याव्यात आणि उरलेला डबा कुलपात ठेवावा. म्हणजे दयाबुद्धीने होणारी हानी टळेल.

मत्स्यपेटी हे मुलांसाठी निसर्गाचे एक छोटे पुस्तकच आहे. पोसणे म्हणजे पुष्कळ देणे नव्हे, तर गरज ओळखून देणे, हा धडा त्या पेटीतून मिळाला, तर तिच्यावर केलेला खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल.