सोपे की सखोल?

माझे वडील मालट्रक चालवितात. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. पण घाटातील धोक्याच्या वळणाची पाटी ते लांबूनच ओळखतात. ती पाटी वळण सरळ करीत नाही आणि रस्ताही बंद करीत नाही. पुढे काय आहे ते अगोदर सांगते, एवढेच. हीच पाटी मला संगणकाच्या एका गाजलेल्या पुस्तकात भेटली. त्याविषयी हा लेख.

तज्ज्ञ माणसे ज्या आज्ञावली वापरतात, त्यांची माहितीपुस्तके कशी असावीत? सोपे लिहावे तर जाणत्याला हवा असलेला नेमका तपशील गळतो. सगळेच लिहावे तर नवखा वाचक दुसऱ्या पानावर पुस्तक मिटतो.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 'युनिक्स' ही संगणकप्रणाली तयार झाली. तिची पहिली पुस्तिका नोव्हेंबर १९७१ मध्ये निघाली. तीत प्रत्येक आज्ञेसाठी एकच ठरीव साचा आहे : नाव, वापरण्याची रीत, वर्णन आणि शेवटाकडे चक्क 'दोष' असे सदर. काम जाणणाऱ्याला अशा पानावर क्षणात उत्तर मिळते. परंतु ही पुस्तिका शब्दकोशासारखी आहे. शब्दकोशावाचून जाणत्याचे अडते हे खरे. पण शब्दकोश पाठ करून कोणाला भाषा आलेली नाही.

मग दोघांना एकच पुस्तक पुरेल काय? संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी तसा प्रयत्न केला. १९७७ मध्ये आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून ते नाराज झाले आणि गणिताची सुबक जुळणी करणारी 'टेक' ही आज्ञावली त्यांनी स्वतःच लिहावयास घेतली. तिचे पुस्तक, 'द टेकबुक', १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात अवघड परिच्छेदाच्या समासात धोक्याच्या वळणाचे चिन्ह आहे. फारच अवघड असेल तेथे दोन. गरज नसेल तर हे भाग वाचू नयेत, असे लेखक प्रस्तावनेतच सांगतात. आरंभीचे काही नियम मुद्दाम ढोबळ सांगितले असून ते पुढे दुरुस्त केले जातील, हेही त्यांनी लपविलेले नाही. म्हणजे सोपेपणासाठी तपशील कापलेला नाही. फक्त त्याची जागा आणि वेळ ठरविली आहे.

शिवाय तज्ज्ञ आणि नवखा ही नेहमी दोन वेगळी माणसे नसतात. सूत्रांची जुळणी ज्याच्या हातचा मळ आहे, तोही पहिल्यांदा तक्ता आखावयास बसला की नवखाच असतो.

मित्रहो, हा प्रश्न मला संगणकापुरता वाटत नाही. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या आमच्यासारख्यांना दोन प्रकारची पुस्तके भेटतात. काही, आम्ही वाचणारच नाही असे समजून लिहिलेली. तर गाइडे, आम्हाला याहून अधिक झेपणारच नाही असे समजून लिहिलेली. समासातील ती छोटी पाटी मात्र म्हणते, हे अवघड आहे, पण तुमचेच आहे, पुन्हा या.

अर्थशास्त्राची सूत्रे नीट मांडता यावीत म्हणून मी यंदा टेक शिकावयास घेतले. प्रथम चिन्हांचे सगळे परिच्छेद ओलांडून गेले. दिवाळीनंतर एका चिन्हाच्या परिच्छेदांकडे परत आले. त्यांतले बरेच कळले. दोन चिन्हांचे अजून बाकी आहेत. वडिलांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "पाटी दिसली की गाडी हळू करायची. माघारी फिरवायची नाही."