स्वप्नस्मरण व स्वप्ननोंदवही

स्वप्नस्मरण व स्वप्ननोंदवही : झोपेत पाहिलेले स्वप्न जाग आल्यावर आठवणे म्हणजे स्वप्नस्मरण, तर अशी स्वप्ने जागे होताच दिनांकवार लिहून ठेवण्याची वही म्हणजे स्वप्ननोंदवही होय. ‘मला स्वप्नेच पडत नाहीत’ असे म्हणणाऱ्या व्यक्तींनाही झोपेच्या विशिष्ट टप्प्यात जागे केल्यास पुष्कळदा स्वप्न सांगता येते. म्हणजे उणीव बहुधा स्वप्नांची नसून स्मरणाची असते.

विस्मरणाची कारणे : यूजीन ॲझेरिन्स्की व नेथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात झोपेतील नेत्रगोलांच्या जलद हालचालींचा टप्पा वर्णिला. विल्यम डिमेंट व क्लाइटमन यांच्या १९५७ च्या प्रयोगांत या टप्प्यात जागे केल्यावर सु. ८०% वेळा, तर अन्य टप्प्यांत सु. ७% वेळा स्वप्न आठवले. हा टप्पा साधारणपणे दर ९० मिनिटांनी येतो व पहाटेकडे लांबत जातो; म्हणून पहाटेची स्वप्ने अधिक आठवतात. या टप्प्यात मेंदूतील नॉरॲड्रेनॅलिनाचे प्रमाण अत्यल्प असते. आठवण पक्की न होण्याचे ते एक कारण असावे, असे मानतात. जागे होताच मन दिवसाच्या कामांकडे वळले की उरलीसुरली आठवणही विरते.

परंपरा व इतिहास : चरकसंहितेत दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक व दोषज असे स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत. मराठी संतसाहित्यात स्वप्नांचे महत्त्वाचे आत्मकथनपर उल्लेख आढळतात. नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन कवित्व करण्यास सांगितले, असे तुकारामांनी (१६०८–५०) अभंगात नमूद केले आहे. बहिणाबाईंना (१६२८–१७००) कोल्हापुरात असताना तुकारामांचा अनुग्रह स्वप्नात झाला. ब्राह्मणेतर गुरू केल्यामुळे त्यांना पतीचा रोष सोसावा लागला. त्यांच्या आत्मचरित्रपर अभंगांत हा वृत्तांत आहे. अशा कथनांत आयुष्याला वळण देणारे स्वप्न तेवढे टिकते. नित्याची, विस्कळीत स्वप्ने गळून पडतात. ती टिपण्यासाठी रोजची नोंद लागते. फ्रेंच विद्वान एर्व्हे द सँ-दनी (१८२२–९२) यांनी तेराव्या वर्षापासून अशा सचित्र वह्या लिहिल्या व त्यांच्या आधारे १८६७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेरी कॅल्किन्स यांनी १८९३ मध्ये ३७५ स्वप्नांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला.

नोंदीची पद्धती : वही व लेखणी उशाशी ठेवावी आणि स्वप्न लक्षात ठेवण्याचा निश्चय करून झोपावे. जाग आल्यावर कूस न बदलता, डोळे मिटूनच शेवटचे दृश्य आठवावे व तेथून मागे जावे. प्रसंग निसटला असल्यास उरलेली भावना, रंग, आवाज वा एखादा शब्दही लिहावा. नोंद वर्तमानकाळात व पडल्या क्रमाने करावी. विसंगती दुरुस्त करू नये. काहीच आठवले नाही, तरी तारीख घालून तसे लिहावे. पुरेशी झोप आवश्यक आहे. मद्यपानाने स्वप्नांचा टप्पा आखडतो. नियमित नोंदीने स्मरण वाढते, असा अनुभव विशेषतः ज्यांना एरवी स्वप्ने क्वचित आठवतात त्यांना येतो.

मर्यादा व दक्षता : लिहिलेले स्वप्न म्हणजे पाहिलेले स्वप्न नव्हे. सांगताना मन तुटलेले दुवे जोडते. म्हणून स्वप्न एका बाजूस व त्यावरील विचार दुसऱ्या बाजूस लिहिणे इष्ट. शकुन शोधण्यासाठी केलेल्या नोंदींत खरी ठरलेली स्वप्नेच ध्यानात राहतात व इतर विसरली जातात. सर्व स्वप्ने नोंदल्यास हा भ्रम सहज उघड होतो. स्वप्ने टिपण्यासाठी रात्री वारंवार उठू नये. वारंवार पडणाऱ्या दुःस्वप्नांवरील एका उपचारात ते स्वप्न लिहून, त्याचा शेवट बदलून, जागेपणी त्याची मनात उजळणी करतात. मात्र आघातानंतरची दुःस्वप्ने अथवा झोपेत हातपाय झाडणे, मारणे अशी लक्षणे असल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. चालू औषधे स्वप्नांसाठी परस्पर बंद करू नयेत.